मैनेचा तोबरा

टट्टूवर ओझं लादायची एक रीत आहे. दोन्ही बाजूंची गाठोडी आधी जमिनीवर शेजारी शेजारी ठेवायची, दोन हातांनी एकदम उचलायची आणि डोळे मिटायचे. डोळे उघडे असले की मोठं दिसणारं गाठोडं जड वाटतं. मिटले की खरं काय ते हाताला कळतं. एका बाजूला शेरभर जास्त झालं तरी पहिल्या कोसात काही होत नाही. दुसऱ्या कोसात खोगीर सरकतं, तिसऱ्यात पाठ सोलते, आणि मग पुढचे पंधरा दिवस ते टट्टू नुसतं चरायच्या कामाचं उरतं. हे सगळं मी शिकत होतो तेव्हा आमच्या गावात मात्र अशी बातमी होती की पटल्यांच्या पोराला (म्हणजे मला) सरकारी नोकरी लागली आणि तो आता खुर्चीवर बसतो.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘जंगलातले थरारक अनुभव’ मागितले आहेत. त्यांची निराशा आधीच करून टाकतो. आठ वर्षांच्या कॅम्पच्या नोकरीत मला वाघ तीनदा दिसला आणि तिन्ही वेळा तो पाठमोरा होता. त्याला आमच्यात रस नव्हता आणि आम्हाला त्याच्यात असायचं काही कारण नव्हतं. मला माहीत आहेत ती घोडी, टट्टू, त्यांचे खूर, त्यांची पोटं, आणि त्यांच्या पाठीवर बसणारी माणसं. वाचायचं तर तेवढंच आहे.

स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झाली होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. दरेकशाच्या पलीकडे जे डोंगर पूर्वेला सरकत जातात, त्यांत जंगल खात्याचे साहेब लोक दौऱ्यावर जात. हिमालय पाहून आलेल्यांनी हसू नये. आम्हा धानाच्या बांध्यांत वाढलेल्या माणसांना तेच डोंगर आभाळाला टेकलेले वाटत. रस्ते नव्हतेच. दरेकसा स्टेशनावर गाडीतून उतरायचं, घोड्यावर बसायचं आणि दहा-बारा दिवस, कधी तीन आठवडे, वरच राहायचं. साहेब एका घोडीवर, बाकी सहा टट्टूंवर तंबू, भांडी, पीठ-तांदूळ, घोड्यांचा हरभरा, कागदांच्या पेट्या. सकाळी उठून तंबू पाडायचे, चार-पाच कोस चढायचं, ओढा बघून पुन्हा तंबू ठोकायचे. झाडांवर खुणा करायच्या, हद्दीचे दगड तपासायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या सगळ्या संसाराची जबाबदारी ज्याच्यावर, तो कॅम्प जमादार. म्हणजे मी. सातवी पास होतो म्हणून जमादार झालो. घोड्याला मात्र मी तोवर हातही लावलेला नव्हता.

घोड्यांचं सगळं बघायचे करीमचाचा. हे आमचे मोतद्दार. वय साठीकडे झुकलेलं, गुडघे दुखरे, दाढी मेंदीनं लाल. आयुष्यभर घोडाच केला. हाताखाली मी आलो तेव्हा त्यांनी मला महिनाभर खोगिराला शिवू दिलं नाही. रोज सकाळी सात जनावरांचे अठ्ठावीस खूर उचलायचे, लोखंडी आकड्यानं साफ करायचे आणि तळहात टेकवून गरम की गार ते सांगायचं. मी जमादार, हुद्द्यानं त्यांच्या वरचा, आणि खूर साफ करतोय. एकदा तसं बोलून दाखवलं.

“हाँ, बड़े साहब हो आप,” चाचा म्हणाले, “अब पिछला पाँव उठाओ.”

माझा जन्म बैलांत गेलेला. आमचे बाबूजी शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, शौकीन. पटाच्या जोडीला ते जसे जपत तसं त्यांनी आम्हा भावंडांना जपलं नाही, आणि त्याचं आम्हाला वाईटही वाटलं नाही. त्यामुळे मी टट्टूंशी बैलांच्या भाषेत बोलायचो. उजवीकडे वळवायचं असलं की जिभेनं बैलाला करतात तसा आवाज काढायचो आणि टट्टू उभं राहून माझ्याकडे बघत राहायचं. शेपटी पिरगाळायला गेलो तेव्हा मांडीवर जी लाथ बसली तिची खूण अजून आहे. चाचा चार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट सांगत होते. “पटले बैलवाला है,” असं म्हणायचे. त्यात चेष्टा होती, पण मला ती टोचत नसे. बैलवाला असणं आमच्याकडे कमीपणाचं कधीच नव्हतं.

हळूहळू हात बसला. दौऱ्यावरची सकाळ मला आजही जशीच्या तशी आठवते. दव पडून जड झालेला तंबू, चुलीवर चहा, ओल्या खोगिराचा आंबट वास, आणि तोबऱ्यात तोंड खुपसून हरभरा चावणाऱ्या सात जनावरांचा एकसुरी कडकडाट. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चाऱ्याची पिशवी. तो आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक आहे, असं चाचा म्हणत. एका उंच पठारावरून खाली रेल्वेचा धूर दिसायचा, पण गाडीचा आवाज पोचायचा नाही. तिथं उभं राहिलं की मला उगीचच आपण मोठे झालो असं वाटे. दौरा संपवून खाली उतरताना दर वेळी जिवावर यायचं, हे मी घरी कधी कबूल केलं नाही.

माणसंही तऱ्हेतऱ्हेची येत. एकदा नागपूरहून वनस्पतीशास्त्राचे एक प्राध्यापक आले. आठ दिवस ते गवत आणि पानं खुडत होते, टीपकागदात दाबून ठेवत होते. घोड्यावर बसताना डोळे बंद करत आणि उतरताना ‘आभारी आहे’ म्हणत. मला की घोड्याला, ते कळत नसे. आठव्या दिवशी त्यांना एक झुडूप मिळालं. कुठल्याच पुस्तकात नाही म्हणाले, आणि आनंदानं कागद उन्हात पसरून आंघोळीला गेले. आले तेव्हा आमच्या सगळ्यात मागच्या टट्टूनं ते झुडूप कागदासकट खाल्लं होतं. प्राध्यापक बराच वेळ त्या टट्टूकडे पाहत राहिले. मग त्यांनी वही काढली आणि मला विचारलं, “याला काही त्रास झाला तर कळवाल का?” टट्टूला काही झालं नाही. मी पत्र टाकून तसं कळवलंही.

दुसरे एक हिशेबखात्याचे बाबू तपासणीला आले होते. त्यांना घोड्याची इतकी भीती की सगळा दौरा त्यांनी लगाम धरून पायी केला. वाटेत एका वळणावर घोडी थांबली, काही केल्या पाऊल टाकेना. बाबू रागावले. म्हणाले, “सरकारी जनावर असं अडतं कसं?” चाचांनी नुसतं समोर बोट दाखवलं. पुढे मोहाच्या झाडाखाली अस्वल बसून फुलं खात होतं. बाबू त्या क्षणी घोडीवर बसले आणि दरेकशापर्यंत उतरले नाहीत.

ती घोडी मैना. तिच्यासाठीच हे सगळं लिहितो आहे.

मैना साहेबांच्या स्वारीची घोडी. तांबूस, ठेंगणी, कपाळावर बोटाएवढा पांढरा ठिपका. चढावर ती माणसासारखी विचार करून पाय टाकायची. वय झालं होतं, चाचा कुणाला सांगत नसत, पण दात बघून मलाही कळायला लागलं होतं. त्या वर्षी होळीनंतर ती खंगली. बरगड्या मोजता येऊ लागल्या. आणि नेमकं तेव्हाच कळलं की चैत्राच्या शेवटी वरचे मोठे साहेब दरेकशाला येऊन जनावरांची पाहणी करणार आहेत. पाहणीत जे जनावर उतरलं नाही ते कंडम. कंडम म्हणजे लिलाव. लिलावात अशी घोडी घेणार कोण, तर टांगेवाले किंवा विटांच्या भट्टीवाले. तिथं ती किती दिवस काढेल हे कुणी तोंडानं बोललं नाही.

पाहणीआधी बारा दिवसांचा एक दौरा होता. त्यावर निघताना चाचांनी मैनेचा तोबरा माझ्या हातात दिला. “इसका दाना-पानी तू देख. मेरा हाथ अब काँपता है, दाना गिर जाता है.” सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला एखादं जनावर पूर्ण सोपवलं होतं. छाती फुगली. मी मनात ठरवलं, की बारा दिवसांत मैना अशी करून दाखवायची की मोठे साहेब बघत राहतील, आणि चाचासुद्धा.

मोहाचा बहर होता. झाडांखाली पहाटेपासून पिवळट फुलांचा सडा पडायचा आणि सगळं रान गोडसर वासानं जड व्हायचं. आमच्या घरी पटाच्या आधी बाबूजी बैलांना भिजवलेली मोहफुलं खाऊ घालत. पंधरा दिवसांत बैलाच्या कातडीवर तेल लावल्यागत चकाकी येई. माझ्या हातात त्याच्याएवढा खात्रीचा इलाज दुसरा नव्हता. डोंगरातल्या गोंडांच्या एका टोल्याजवळ, म्हणजे वस्तीजवळ, तळ होता. प्रत्येक मोहाचं झाड कुणा ना कुणा घरचं असतं, त्याखालचं फूल विचारल्याशिवाय उचलत नाहीत. म्हणून मी फुलं वेचणाऱ्या एका म्हातारीकडे गेलो आणि मागितली. तिला गमतीचं वाटलं.

“घोडीले देऊन राहिला का बा?” ती म्हणाली. “आमी बैलाले देतो. घोडीचं मले नाही मालूम.”

“बैलाले चालते त घोडीले काऊन नाही चालणार, बाई?” मी म्हणालो. म्हातारीनं खांदे उडवले आणि टोपली माझ्या पंच्यात रिकामी केली.

चाचांना सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. अचानक दाखवायचं होतं. हरभऱ्यात रोज ओंजळ ओंजळ फुलं मिसळत गेलो. मैनेला ती इतकी आवडली की तोबरा दिसला की ती पुढच्या खुरानं जमीन खरवडायची. पाच-सहा दिवसांत मान भरली, पाठ चमकली. चाचांनी तिच्या अंगावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “पटले, तेरे हाथ में बरकत है.” असं त्यांनी मला त्याआधी कधी म्हटलं नव्हतं. मी हुरळलो. दुसऱ्या दिवशी मोठा चढ होता, म्हणून त्या दिवशी दोन्ही वेळच्या तोबऱ्यात फुलं दुपटीनं घातली.

सकाळी मैना जागची हलेना. पुढचे दोन्ही पाय पुढे ताणून, सगळा भार मागच्या पायांवर टाकून ती उभी होती, जिना उतरताना कचरणाऱ्या म्हाताऱ्या बाईसारखी. मी खूर उचलायला गेलो तर तिनं पाय सोडलाच नाही. तळहात टेकवला तर खूर तव्यासारखा तापलेला. सहा वर्षं रोज अठ्ठावीस खुरांना हात लावला होता, असा खूर कधी लागला नव्हता.

चाचा आले. खाली बसले, चारही खुरांना हात लावला. मग उठून तिच्या तोंडाजवळ गेले, तिचं तोंड हातात घेतलं आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले.

“क्या खिलाया था इसको?”

“काही नाही जी. रोजचाच हरभरा.”

का असं बोललो ते मला आजही नीट सांगता येत नाही. आदल्या दिवशीचं ‘बरकत’ कानात होतं. ते परत द्यायची तयारी नव्हती, एवढंच असावं.

साहेब तंबूतून बाहेर आले. देवधर साहेब, पुण्याकडचे, शिस्तीचे, पण न्यायी माणूस. कुणावर विनाकारण आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. त्यांनी विचारलं, “काय झालं तिला? ठेच लागली का?”

ते वाक्य त्यांनीच माझ्या तोंडात दिलं आणि मी ते घेतलं. म्हणालो, “होय जी. काल ओढा उतरताना दगडावर पाय पडला वाटते.”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मैनेचा लगाम धरला आणि एक एक पाऊल टाकत, दहा पावलांना पाव तास घेत, तिला ओढ्यात नेऊन गार पाण्यात उभं केलं. स्वतःही गुडघाभर पाण्यात तिच्या शेजारी उभे राहिले. साहेबांनी त्या दिवशीचा कूच रद्द केला. दिवसभर चाचा पाण्यात होते. दुपारी मी भाकरी नेली तर ओढ्यातच उभ्यानं खाल्ली. त्यांचे दुखरे गुडघे मला दिसत होते, तरी मी तोंड उघडलं नाही.

हा आजार काय असतो ते सांगतो, कारण तेव्हा मला माहीत नव्हतं. घोड्यानं गोड किंवा फार भारी खाल्लं तर त्याचं पोट बिघडतं आणि तो ताप सगळा खुरांत उतरतो. खुराच्या आतलं मांस सुजतं, आणि बाहेर शिंगासारखं टणक कवच, सूज जायला जागाच नसते. अशा वेळी जनावर एक पाऊल चालवायचं नाही. गार पाण्यात, मऊ चिखलात उभं ठेवायचं. चार-सहा दिवस दिले तर घोडा वाचतो. चालवला तर आतलं हाड सुटतं, आणि मग तो कधीच घोडा राहत नाही. बैलाला चार पोटं असतात, तो निभावून नेतो. आमच्या बाबूजींचं शास्त्र बैलापुरतं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब ओढ्यावर आले. तिसऱ्या दिवशी मोठे साहेब दरेकशाला येणार होते आणि सातही जनावरं पाहणीला उभी करायची होती.

“करीम, आज निघायला पाहिजे,” ते म्हणाले.

“हुजूर, चार दिन इसको यहीं खड़ी रहने दो.”

“दगडाच्या ठेचेला चार दिवस?” साहेबांनी विचारलं. “कारण काही वेगळं असेल तर सांग. मी आत्ता चिठ्ठी लिहितो, माणूस खाली धाडतो, पाहणी पुढे ढकलतील. पण नुसतं थांबा म्हणून कसं थांबू? वर काय लिहू?”

चाचा माझ्याकडे बघत राहिले. साहेबांची नजरही मग माझ्याकडे वळली. “पटले, जनावर तुझ्या हातात होतं. तू सांग.”

ओढ्याचं पाणी वाहत होतं आणि मैना कान मागे टाकून उभी होती. सांगायला एक वाक्य लागलं असतं. साहेब मला रागावले असते, कदाचित जमादारी गेली असती, कदाचित तेही नाही. मी म्हणालो, “दगडच जी.”

साहेबांनी मान हलवली. “मग हळूहळू नेऊ. मी बसत नाही तिच्यावर.” आणि ते खरंच पायी चालले. पाच कोस, सगळा उतार, चैत्रात तापून टणक झालेला मुरूम. मैना कशी चालली ते मी लिहू शकत नाही. चाचा तिच्या गळ्यावर हात ठेवून बरोबर चालत होते आणि वाटेत जिथं म्हणून पाणी लागलं तिथं थांबत होते. मी सगळ्यात मागे राहिलो. पाहणीच्या वेळी जनावरांच्या डॉक्टरांनी खूर बघितले आणि दोन मिनिटांत शेरा मारला. मोठे साहेब म्हणाले, “बाकी अंगानं चांगली ठेवली होती हो घोडी.”

लिलावात मैनेला चाचांनीच घेतलं. त्यांची नोकरी तशीही संपतच आली होती. ती त्याच महिन्यात सोडून ते तिला घेऊन नागऱ्याला आपल्या घरी गेले. निघताना मला म्हणाले, “बाकी छह को देखना.” एवढंच. चिडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतरचे दौरे मी केले, नीट केले. एकाही जनावराची पाठ माझ्या हाताखाली सोलली नाही. पण सकाळी तोबऱ्यांचा तो आवाज ऐकताना पूर्वीसारखं वाटत नसे. दोन वर्षांनी मुरमाचा रस्ता वर गेला, जीप आली, आणि टट्टूंचा एकेक करून निकाल लागला. कॅम्प जमादार या हुद्द्याचं काय करायचं ते वरच्यांना कळेना, म्हणून मला गोंदियाच्या कचेरीत बसवलं. खुर्ची मिळाली शेवटी. देवधर साहेबांची त्याआधीच दूर कुठे बदली झाली होती.

नागरा गोंदियापासून हाकेच्या अंतरावर. तरी मला तिथं जायला बरेच महिने लागले. शेवटी महाशिवरात्रीला शंकराच्या देवळात सगळे जात होते, त्यांच्याबरोबर गेलो, दर्शन घेतलं, आणि मग विचारत विचारत चाचांच्या दारात उभा राहिलो. विहिरीजवळ त्यांनी एक खड्डा करून तो चिखलानं भरून ठेवला होता. त्या चिखलात मैना उभी होती. खूर वेडेवाकडे वाढलेले, पण अंगावर खरारा केलेला. चाचा बाजेवर बसून होते. त्यांना आता उठवत नव्हतं.

मी बसलोही नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. मोहफुलं, म्हातारी, दुप्पट तोबरा.

“मालूम है,” चाचा म्हणाले. “उसी सुबह मालूम था. मुँह से महुए की बास आ रही थी.”

“मंग तुमी काऊन नाही बोलले, चाचा? साहेब थांबले असते.”

“तेरी नौकरी जाती.” ते मैनेकडे बघत होते. “और मैंने सोचा, लड़का अभी बोलेगा. अभी बोलेगा. पूरे पाँच कोस सोचता रहा.” मग नजर माझ्याकडे वळवली. “तूने बैल समझ के खिलाया, वो गलती थी. मैं जान के चुप रहा. मेरा खाता तेरे से बड़ा है, पटले.”

मी रडलो, हे लिहायला लाजत नाही. चाचांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, माझ्या पायांत आता काही राहिलं नाही, पाणी ओढवत नाही, चिखल सुकतो. हिला घेऊन जा. विनंती नव्हती. पहिल्या महिन्यात ‘पिछला पाँव उठाओ’ म्हणाले होते तोच सूर होता.

मैनेला चालवायचं नव्हतं. म्हणून गावाहून आमची मोठी बैलबंडी आणली, तिच्यात धानाचं तणीस भरलं, आणि सहा माणसांनी घोडीला वर चढवलं. बिरसीच्या वाटेवर आमचं गाव. बैल गाडी ओढताहेत आणि गाडीत घोडी उभी आहे, असं दृश्य त्या रस्त्यानं आधी पाहिलेलं नव्हतं. लोक बांध्यांतून धावत येऊन बघत होते. मी बैलांपुढे पायी चाललो. बाबूजी दारातच उभे होते. त्यांनी घोडीला बघितलं, मला बघितलं, आणि आपल्या पटाच्या बैलांची जागा तिला करून दिली.

मैना पुढे तीन वर्षं जगली. बदली होऊ नये म्हणून मी बढती नाकारली आणि रोज सकाळी कचेरीला जायच्या आधी तिला गावच्या तळ्यात नेऊन उभं केलं. तळं घरामागेच, तीस-चाळीस पावलांवर. काठाशी मऊ गाळ, गुडघाभर पाणी. ती डोळे मिटून उभी राहायची आणि मी धोतर खोचून शेजारी. तळ्यावर येणारा जो तो विचारायचा, आणि मी जो विचारेल त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचो. काहीही गाळायचो नाही.

एकदा शेजारच्या गावचे एक वयस्कर शेतकरी बैल धुवायला आले. माझ्या ओळखीचे नव्हते. “घोडीले पाण्यात कायले उभी करून राहिला बा?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मोहफुलं सांगितली, ओढा सांगितला, साहेबांनी दोनदा विचारलं तेही सांगितलं. ते बैलाची पाठ घासत शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी बैलाच्या अंगावर पाणी मारलं आणि म्हणाले, “मंग तवाच सांगाचं होतं ना बा. साहेब त विचारूनच राहिला होता.”

मी मैनेच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणालो, “होय जी.”